चुकेवर पडणारा रंग : क्वांटम केमिस्ट्रीच्या इनपुट फाइली आणि एडिटर

महाराष्ट्रातल्या रसायनशास्त्र विभागांत प्रबंधाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. नवा रेणू बनवला, त्याचे एनएमआर, आयआर आणि मास काढले, दोन-चार जिवाणूंवर चाचणी घेतली, एवढ्यावर पूर्वी पेपर निघत असे. आता त्याच रेणूची डीएफटीची, म्हणजे क्वांटम केमिस्ट्रीची गणितेही बरेचदा जोडावी लागतात: स्थिर रचना, होमो आणि लुमो यांतले अंतर, विद्युत विभवाचा नकाशा. प्रयोगशाळेत हात बसलेला विद्यार्थी त्यामुळे एकदम एका साध्या मजकुराच्या फाइलीसमोर येऊन बसतो. फाइल वीस-पंचवीस ओळींची असते, पण तिच्यात एक टिंबही इकडचे तिकडे चालत नाही. बहुधा ती सिनिअरने दिलेली असते. वरचे तसेच ठेव, खालचे कोऑर्डिनेट बदल आणि जॉब लाव, एवढीच शिकवणी झालेली असते.

या इनपुट फाइलींना एडिटरमध्ये रंग द्यावेत, म्हणजे सिंटॅक्स हायलाइटिंग जोडावे, हा प्रश्न वरवर बारीक वाटतो. कोणी त्यावर पीएचडी करत नाही, कोणी त्याला निधी देत नाही. तरी जगभर यावर तुकड्यातुकड्यांनी बरेच काम झालेले आहे. ते सगळे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते आणि हा आढावा तिच्यासाठीच आहे. जे रंगवणे सोपे होते ते रंगवून झाले आहे. माणसे जिथे खरोखर चुकतात त्या जागा बिनरंगाच्याच राहिल्या आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात बसून या विषयावर लिहायला एक कारण आहे. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच, शासकीय तंत्रनिकेतन इथेच आणि देवगिरी महाविद्यालय स्टेशन रोडवर. कॉम्प्युटर शिकणारी, मेकॅनिकल शिकणारी आणि रसायनात एमएस्सी करणारी मुले याच भागात भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिता येते आणि ज्याला कोऑर्डिनेट कुठे चुकतात ते ठाऊक आहे, अशी दोन माणसे एका टेबलावर आणायला इथे कुठल्या कराराची गरज नाही. आणि या कामाला नेमकी हीच दोन माणसे लागतात.

आधी फाइलींचा स्वभाव पाहू. गॉशियन हा अशी गणिते करणारा प्रोग्राम जॉन पोपल यांच्या गटाने १९७०मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९९८चे रसायनशास्त्राचे नोबेल पोपल आणि वॉल्टर कोन यांना विभागून मिळाले. त्या काळी इनपुट पंच कार्डांवर जात असे. एका कार्डावर ८० रकाने, एक कार्ड म्हणजे एक ओळ. कार्डे गेली, पण त्यांची शिस्त फाइलींत मुरून राहिली. गेमेस या अशाच दुसऱ्या प्रोग्रामच्या मॅन्युअलमध्ये आजही ओळीला कार्ड म्हटलेले सापडते, आणि क्वांटम एस्प्रेसोमध्येही अणूंची यादी आणि के-पॉइंट यांच्या विभागांना कार्डच म्हणतात. गॉशियनमध्ये विरामचिन्हाचे काम कोरी ओळ करते. मेमरी आणि प्रोसेसरच्या ओळी, मग # ने सुरू होणारी रूट लाइन, मग कोरी ओळ, शीर्षक, पुन्हा कोरी ओळ, मग विद्युतभार आणि मल्टिप्लिसिटीचे दोन आकडे, त्याखाली अणू, आणि शेवटी पुन्हा एक कोरी ओळ. ती शेवटची ओळ राहिली की जॉब सुरू होता होताच पडतो, आणि आउटपुटमध्ये फाइल अचानक संपल्याची एक त्रोटक तक्रार असते. नवख्याला तिच्यावरून काहीही उलगडत नाही, कारण पडद्यावर तर सगळे जागच्या जागी दिसत असते.

ऑर्का या आणखी एका प्रोग्रामची फाइल उघडली की चिन्हांचे अर्थ फिरतात. गॉशियनमध्ये # म्हणजे गणिताची आज्ञा आणि ! म्हणजे टिप्पणी, प्रोग्राम तिच्याकडे पाहत नाही. ऑर्कामध्ये ! ने आज्ञेची ओळ सुरू होते आणि # ही टिप्पणी. तीच दोन चिन्हे, बरोबर उलट कामाला. % दोघांकडे आहे, पण गॉशियनमध्ये ती एका ओळीची सूचना असते. ऑर्कामध्ये बहुतेक वेळा तिथून एक विभाग उघडतो आणि तो एंड लिहून बंद करावा लागतो. ऑर्काची टिप्पणी त्याच ओळीत दुसऱ्या # ने संपवताही येते, त्यापुढचा मजकूर पुन्हा जिवंत होतो. एकाच विद्यार्थ्याला सकाळी विभागातल्या मशिनवर गॉशियन आणि संध्याकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर ऑर्का चालवायचा असतो, कारण ऑर्का शैक्षणिक कामासाठी विनामूल्य मिळतो आणि गॉशियनला परवाना लागतो. दोन्ही फाइली एकाच काळ्या अक्षरात दिसत राहिल्या तर गोंधळ होणारच. टिप्पणी फिकट करून दाखवणे हे हायलाइटिंगमधले सर्वांत सोपे काम आहे, आणि एवढ्यानेही इथे मोठा फरक पडतो. चुकून टिप्पणी झालेली आज्ञा लगेच डोळ्यात भरते.

मेमरीची गोष्ट याहून महाग पडते. गॉशियनमध्ये मेमरीचा आकडा संपूर्ण जॉबसाठी असतो, आणि एकक लिहिले नाही तर तो आठ बाइटच्या शब्दांत मोजला जातो. ऑर्कामधला मेमरीचा आकडा, म्हणजे मॅक्सकोर, मेगाबाइटमध्ये आणि दर प्रोसेसरमागे असतो. गॉशियनच्या सवयीने कोणी ऑर्कामध्ये १६००० लिहिले आणि आठ प्रोसेसर मागितले, तर मागणी १२८ गीगाबाइटपर्यंत गेली. सामाईक मशिनवर असा जॉब एक तर रांगेत अडकून राहतो, नाही तर बाकीच्यांचे जॉब घेऊन पडतो. नुसता रंग इथे पुरत नाही. आकड्यावर कर्सर नेला की ‘दर प्रोसेसरमागे मेगाबाइट’ एवढे दिसले, तर ही चूक तिथेच थांबेल.

मग गाठ पडते फाइलीच्या नावाशी. एडिटर रंग ठरवतो तो आधी एक्स्टेन्शन पाहून. ऑर्का, गेमेस, सीपीटूके या सगळ्यांच्या फाइलींना वापरणारे सर्रास डॉट आयएनपी लावतात. अॅबॅकस हा स्ट्रक्चरल विश्लेषणाचा प्रोग्रामही तेच एक्स्टेन्शन वापरतो, म्हणजे मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांचा त्यावरचा हक्क जुना. विम या एडिटरच्या नेहमीच्या यादीत आयएनपी म्हणजे अॅबॅकस किंवा ट्रॅसिस असेच धरलेले आहे. रसायनाचा तिथे उल्लेख नाही. गॉशियनच्या डॉट कॉम फाइलीला तर विम व्हीएमएस यंत्रणेच्या डीसीएल आज्ञावलीसारखे रंग देतो. त्यामुळे जी थोडी मुले विम वापरतात त्यांना रंग दिसतात, पण भलत्याच भाषेचे. चुकीचा रंग बिनरंगापेक्षा वाईट, असे माझे मत आहे. बिनरंगाच्या फाइलीत माणूस निदान डोळ्यात तेल घालून वाचतो.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघडही नाही: नाव बाजूला ठेवून मजकूर पाहायचा. पहिल्या काही ओळींत $ आणि पुढे कंट्रोलचे गेमेसमधले रूप दिसले तर गेमेस, ! ने सुरू होणारी ओळ आणि * एक्सवायझेड अशी जोडी दिसली तर ऑर्का, & आणि ग्लोबल दिसले तर सीपीटूके, ओळीच्या सुरुवातीला एकटा * आणि हेडिंग असेल तर अॅबॅकस. विममध्ये हे स्क्रिप्टने होते. व्हीएस कोडमध्ये पहिली ओळ तपासायची सोय आहे, पण पहिलीच. आणि गेमेसच्या फाइलीत पहिली ओळ पुष्कळदा टिप्पणीची असते. म्हणून तिथे भाषा हाताने निवडण्याला पर्याय उरत नाही, आणि ती कशी निवडायची हे मुलांना दाखवायला लागते. व्हॅस्प या प्रोग्रामने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. त्याच्या इनकार, पॉसकार, केपॉइंट्स या फाइलींना एक्स्टेन्शनच नाही, नावेच ठरलेली. एडिटरला नाव कळले की भाषा कळली.

रंग देण्याच्या तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात आयबीएममधील माइक काउलिशॉ यांनी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या कामासाठी लेक्स नावाचा एडिटर लिहिला. टाइप होत असतानाच मजकुराची फोड करून वेगवेगळे भाग वेगळे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या एडिटरांपैकी तो एक. म्हणजे ही युक्ती प्रोग्रामरांच्या इतकीच कोशकारांच्याही कामाची होती. विममध्ये हायलाइटिंग आले ते १९९८च्या पाचव्या आवृत्तीत. पुढे मॅकवरच्या टेक्स्टमेट एडिटरने व्याकरण लिहिण्याची एक पद्धत रूढ केली, आणि २०१५मध्ये आलेल्या व्हीएस कोडने तीच उचलली. या पद्धतीत व्याकरण म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनांची यादी, आणि ती एका वेळी एकच ओळ पाहते. गिटहबच्या अॅटम एडिटरमधून पुढे आलेला ट्री-सिटर मात्र पूर्ण फाइलीचे झाड बांधतो. एका ओळीपुरते पाहणारे व्याकरण आणि कोऱ्या ओळींवर उभी असलेली गॉशियनची फाइल, यांचे जमवणे हे या सगळ्यातले खरे कसब. जमते, पण त्यासाठी रूट लाइनपासून पहिल्या कोऱ्या ओळीपर्यंत एक विभाग, तिथून पुढच्या कोऱ्या ओळीपर्यंत दुसरा, अशी साखळी बांधावी लागते. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक तयार व्याकरणांत ही साखळी नसते. तिथे बी३एलवायपी, एमपी२, ऑप्ट, फ्रेक या शब्दांची एक लांब यादी आणि त्या सगळ्यांना एक निळा रंग असतो. मग शीर्षकाच्या ओळीत कोणी ‘ऑप्ट’ लिहिले तर तेही निळे होते.

रंगांचा उपयोग होतो का, हे कोणी मोजले आहे का? मोजले आहे. अद्वैत सरकार यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात दहा जणांना प्रोग्राम वाचायला देऊन त्यांच्या नजरेचा मागोवा घेतला. रंग असताना प्रोग्राम लवकर समजला, आणि अनुभवी माणसांत हा फायदा कमी होत गेला. हॅनेबाउअर आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये जावा नव्याने शिकणाऱ्या ३९० विद्यार्थ्यांवर तेच तपासले, तेव्हा उत्तरे बरोबर येण्यात रंगांमुळे लक्षणीय फरक दिसला नाही. हे दुसरे निष्कर्ष मोठ्या संख्येवरचे आहेत, आणि हायलाइटिंगचा आग्रह धरणाऱ्याने ते टाळून पुढे जाऊ नये. पण दोन्ही अभ्यास प्रोग्राम समजून घेण्याचे आहेत. इनपुट फाइल कोणी समजून घेण्यासाठी वाचत नाही. जॉब लावण्यापूर्वी शेवटची नजर टाकण्यासाठी वाचतो. प्रोग्राममधली चूक कंपाइलर काही सेकंदांत दाखवतो. इनपुटमधली चूक रांगेत थांबून, जॉबची पाळी येऊन मग कळते, आणि काही चुका तर जॉब व्यवस्थित संपल्यावरही कळत नाहीत. म्हणून इथे रंगाची कसोटी वेगळी लावली पाहिजे: शब्द ओळखता येतो का, हे विचारण्यापेक्षा चूक नजरेतून सुटते का, हे विचारायला हवे.

गेमेसचे उदाहरण इथे सर्वांत बोलके आहे. त्यात प्रत्येक गटाचे नाव $ ने सुरू होते, आणि तो $ दुसऱ्या रकान्यात असावा लागतो. पहिला रकाना मोकळा. कोणी सवयीने ओळ डावीकडे टोकाला नेली तर तो गट प्रोग्रामला दिसतच नाही. दिसला नाही म्हणून प्रोग्राम थांबेलच असे नाही. तो आपली ठरलेली मूल्ये धरून पुढे जातो. रचना सुधारायला सांगितली होती, पण सांगणारा गटच वाचला गेला नाही, म्हणून फक्त ऊर्जा काढून जॉब सुरळीत संपला, असे होऊ शकते. आउटपुटच्या शेवटी सगळे ठीक झाल्याचे लिहिलेले असते. विद्यार्थी त्यातले कोऑर्डिनेट उचलून ‘ऑप्टिमाइज्ड स्ट्रक्चर’ म्हणून तक्त्यात टाकतो. हे थांबवणारा नियम एका ओळीचा आहे: ओळीच्या सुरुवातीला पहिल्याच रकान्यात $ दिसला की ती सगळी ओळ लाल. गटाच्या नावातली अक्षरे चुकली तर ते नाव रंगहीन राहावे. गेमेसमध्ये कंट्रोलच्या गटाचे नाव दुसरा ‘ओ’ गाळून लिहितात, आणि पूर्ण स्पेलिंग लिहिणारी मुले हमखास सापडतात. यादीतल्या प्रत्येक गटाला रंग असेल, तर रंग न चढलेले नाव आपोआप खटकते.

अदृश्य अक्षरांचा एक वेगळाच वर्ग आहे, आणि आपल्याकडे तो मोठा आहे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असते. तीच फाइल लिनक्सच्या क्लस्टरवर चढवली की काही प्रोग्राम अडखळतात, आणि कोरी दिसणारी ओळ मुळात कोरी नसते. दुसरे, पेपरच्या पीडीएफमधून कोऑर्डिनेट कॉपी करताना वजाचे चिन्ह साध्या आडव्या रेघेऐवजी छपाईतले लांब चिन्ह होऊन येते. डोळ्याला दोन्ही सारखीच, प्रोग्रामला दुसरे ओळखू येत नाही. वर्डमधून आणलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा येते. आणि कीबोर्ड मराठीवर राहून गेला असेल तर 'शून्य एक' टाइप करताना देवनागरी आकडे उमटतात. शीर्षकाच्या ओळीत मराठी नाव घालण्याची हौसही असते, तीही काही ठिकाणी महागात पडते. ओळीच्या शेवटचे जादा अक्षर सोडले तर या सगळ्यावर एकच नियम पुरतो: साध्या रोमन अक्षरसंचाबाहेरचे काहीही फाइलीत आले की त्याला ठळक पार्श्वरंग. हा नियम कुठल्याही प्रोग्रामच्या फाइलीला चालतो, लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि तयार व्याकरणांत तो अभावानेच दिसतो. ती व्याकरणे लिहिणाऱ्यांचा कीबोर्ड एकाच लिपीचा असावा.

शब्दांच्या याद्यांचे दुखणे निराळे. प्रोग्राम बदलतो, यादी तिथेच राहते. ऑर्काच्या पाचव्या आवृत्तीत, २०२१मध्ये, संख्यात्मक जाळीचे जुने शब्द मागे पडून डेफग्रिड १, २ आणि ३ आले. त्याआधी लिहिलेले व्याकरण जुन्या शब्दाला अजून विश्वासाने निळा रंग देते आणि नव्याला देत नाही. सिनिअरची जुनी फाइल आणि जुने व्याकरण एकमेकांची ग्वाही देत राहतात. हाताने केलेली यादी दोन-तीन वर्षांत शिळी होते, ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट. ज्याने ती हौसेने लिहिली त्याची पीएचडी संपते, तो नोकरीला लागतो, आणि फाइल तशीच पडून राहते.

याला पुरून उरलेल्या दोन वाटा आहेत. सीपीटूके हा प्रोग्राम आपल्या सर्व विभागांची आणि शब्दांची यादी स्वतःच एक्सएमएल रूपात बाहेर काढून देतो. एडिटरांसाठीची साधने त्या यादीवर उभी करता येतात, आणि प्रोग्रामबरोबर विम व ईमॅक्ससाठीची साधने दिलेलीही आहेत. शब्द बदलला की यादी बदलते, यादीतून रंग बदलतात. मधे कोणा माणसाच्या आठवणीवर काही राहत नाही. क्वांटम एस्प्रेसोमध्येही इनपुटचे दस्तऐवज ठरावीक साच्याच्या व्याख्या-फाइलींत लिहिलेले असतात, आणि ईमॅक्सचे मोड त्यांतून तयार केले जातात. हे दोन्ही मुक्त स्रोताचे प्रोग्राम आहेत, हा योगायोग नाही. ज्यांचे मॅन्युअलच माणसाने वाचण्यासाठी लिहिले आहे, त्यांच्यासाठी यादी हातानेच करावी लागणार. तिथे निदान कुठल्या आवृत्तीसाठी ती केली आहे हे व्याकरणाच्या डोक्यावर ठसठशीत लिहावे.

हाताने फाइल लिहायचीच कशाला, असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. गॉसव्ह्यू, गॅबएडिट, अॅव्होगॅड्रो अशी साधने बटणे दाबून इनपुट तयार करून देतात. अॅव्होगॅड्रोच्या दुसऱ्या पिढीत तर इनपुट बनवणारी छोटी स्क्रिप्ट स्वतःच रंगांचे नियमही देऊ शकते, म्हणजे तयार झालेला मजकूर त्याच खिडकीत रंगीत दिसतो आणि पुढे हाताने सुधारता येतो. दोन्ही पक्षांचे भांडण मिटवणारी ही रचना मला मनापासून आवडते. सायफोरची फाइल पायथॉनशी मिसळून लिहिलेली असते आणि पायएससीएफ तर पूर्ण पायथॉनच आहे. त्यांना पायथॉनचे रंग आयतेच मिळतात. अमेरिकेतल्या मोल्सी या संस्थेच्या पुढाकाराने क्यूसीस्कीमा नावाने सर्व प्रोग्रामांसाठी जेसनचा एक सामाईक साचा तयार होतो आहे. तो सगळीकडे रुजला तर वेगवेगळ्या व्याकरणांची गरज कमी होईल. पण आज विभागाच्या संगणकात साठलेल्या शेकडो जुन्या फाइली गॉशियनच्या आहेत, आणि पेपरच्या पुरवणीत छापलेली इनपुटेही तशीच. ती वाचावीच लागतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा एक मोठा धडा पुण्यात लिहिला गेला आहे. सीडॅकने १९९१मध्ये परम ८००० बांधला, आणि पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने परमसारख्या समांतर यंत्रांसाठी इंडमोल हा स्वतःचा अॅब इनिशिओ प्रोग्राम उभा केला. १९९४पासून त्यांनी मॉलिक्युलर टेलरिंग ही पद्धत विकसित केली. मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याचे गणित स्वतंत्र करायचे आणि उत्तरे परत शिवायची, दुहेरी मोजलेला भाग वजा करून. रचना सुधारण्यासाठी ती कशी वापरायची यावरचा पेपर २००६चा. या कामात प्रत्येक तुकड्याला स्वतःची इनपुट फाइल लागते, एका रेणूमागे कित्येक. ती हाताने कोण लिहिणार? त्याच गटात वाढलेल्या व्ही. गणेश यांनी २००९मध्ये जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत मेटा स्टुडिओ मांडला: संगणकीय रसायनवाल्यासाठी, कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा आणि स्क्रिप्टने हवा तसा वाढवता येणारा आयडीई. रसायनाच्या माणसाला आपल्या कामाचा खास एडिटर हवा आणि तो त्याला स्वतःच्या हाताने बदलता आला पाहिजे, हा विचार पुण्यातून छापील रूपात येऊन इतकी वर्षे झाली. आपल्या महाविद्यालयांत तो फारसा पोहोचला नाही, ही गोष्ट मला सलते. पुणे काही दूर नाही.

रंगाची मर्यादाही नीट सांगितली पाहिजे. पाण्यात दहा इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन सम असतील तर मल्टिप्लिसिटी विषमच असणार: एक, तीन, पाच. विद्यार्थ्याने दोन लिहिले तर हे अशक्य आहे असे प्रोग्राम स्वतःच सांगून थांबतो. पण ऑक्सिजनच्या रेणूत सोळा इलेक्ट्रॉन असतात, तेही सम. तिथे एक लिहिले तर नियम मोडत नाही, जॉब चालतो, ऊर्जा येते. ती मात्र मूळ अवस्थेची नसते, कारण ऑक्सिजनची मूळ अवस्था ट्रिपलेट, म्हणजे तीन. रेग्युलर एक्स्प्रेशनला इलेक्ट्रॉन मोजता येत नाहीत. लँग्वेज सर्व्हर म्हणतात ते, २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या प्रोटोकॉलवर चालणारे साधन, अणूंची बेरीज करून सम-विषम सांगू शकते. मूळ अवस्था कोणती हे तेही सांगू शकत नाही. ते गाईडला सांगावे लागते, किंवा पुस्तकात पाहावे लागते. व्याकरणाने एवढे जरूर करावे: भार आणि मल्टिप्लिसिटीच्या ओळीला फाइलीतला सर्वांत वेगळा रंग द्यावा. कॉपी केलेल्या फाइलीत हेच दोन आकडे मागच्या रेणूचे राहून जातात, आणि आज बहुतेक व्याकरणांत ते कोऑर्डिनेटच्याच रंगात बुडालेले असतात.

रंग निवडताना रसायनवाल्यांना एक मोह हमखास होतो. मॉडेलमध्ये ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ही कोरी आणि पॉलिंग यांच्यापासून चालत आलेली रीत सगळ्यांच्या डोळ्यात बसली आहे. मग अणूंच्या यादीतही तेच रंग द्यावेत असे वाटते. देऊ नयेत. पांढऱ्या पानावर पांढरा हायड्रोजन आणि गडद पानावर काळा कार्बन दिसेनासा होतो. आणि लाल रंग एकदा ऑक्सिजनला दिला की चुकीला उरत नाही. साखरेच्या रेणूची फाइल मग चुकांनी भरल्यासारखी दिसेल. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे विद्यार्थी वर्गात असतातच, म्हणून चुकीला रंगाबरोबर अधोरेखाही हवी.

साधन कोणते, याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. महाविद्यालयातल्या विंडोज मशिनवर नोटपॅड प्लस प्लस सगळीकडे चालतो, आणि त्यात स्वतःची भाषा खिडकीतच नेमता येते. ते पुरेसे लवचीक नाही, कोऱ्या ओळींची साखळी त्यात बांधता येत नाही, पण टिप्पणी आणि आज्ञा तर वेगळ्या दिसतात. क्लस्टरवर लॉगिन करणाऱ्यांच्या हाती नॅनो किंवा विम एवढेच असते. तिथे अॅडमिनची परवानगी मागत बसायची गरज नाही. आपल्या होम डिरेक्टरीत एक फाइल ठेवली की काम होते. नॅनोचे नियम तर वीस ओळींत मावतात. जॉब लावण्याआधी शेवटचा बदल होतो तो इथेच, म्हणून मी सुरुवात इथून करायला सांगेन, व्हीएस कोडच्या देखण्या एक्स्टेन्शनपासून नाही.

उस्मानपुऱ्यातल्या मुलांनी हे हाती घेतले तर पहिले काम शब्दांची यादी करण्याचे नसावे. पहिले काम पडलेले जॉब गोळा करण्याचे. छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही रसायनशास्त्र विभागात वर्षभरात पडलेल्या जॉबच्या फाइली मागितल्या तर मिळतील, कारण त्या कोणी पुसत नाही. नावे आणि रेणू काढून टाकून त्यांचा एक संच करावा, प्रत्येकीशेजारी चूक काय होती ते लिहावे, आणि व्याकरणाचा प्रत्येक नियम त्या संचावर तपासावा. नियमाने चूक रंगली तर नियम ठेवायचा, नाही तर काढायचा. असा संच इंजिनिअरिंगच्या मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून सहज पुरेल, आणि रसायनाच्या मुलांना त्यात फक्त खरे बोलायचे आहे. पुढच्या वर्षीची तुकडी नव्या चुका घेऊन येईल, तेव्हा त्या संचात घालायच्या. ऑर्का आणि गेमेस या दोघांपासून सुरुवात करावी, कारण हे दोन्ही प्रोग्राम विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने, पैसे न देता मिळतात आणि चूक मुद्दाम करून पाहता येते. त्यानंतर गॉशियन घ्यावा. त्याच्या कोऱ्या ओळींची साखळी एकदा नीट बांधून झाली, की शेवटची कोरी ओळ नाही हे फाइल सेव्ह करतानाच दिसेल.